तालमीतली सुई

सिझेरियनच्या वेळी मणक्यात भूल दिल्यानंतर मातेचा रक्तदाब एकाएकी खाली येऊ लागतो, तेव्हा भूलतज्ज्ञ ज्या औषधांचा आश्रय घेतो त्यांत मेफेंटरमाइन सल्फेट हे एक आहे. यंत्राच्या पडद्यावर दृष्टी खिळवून, एका वेळी सुमारे ६ मिलिग्रॅम इतक्याच बेताने तो ते शिरेत देतो, आणि परिणाम पाहिल्यावाचून पुढची मात्रा देत नाही. हेच औषध आपल्याकडील काही व्यायामशाळांतून तरुण मुले, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळवून, वजने उचलण्यापूर्वी टोचून घेतात, हे मला अत्यंत दुःखाने लिहावे लागत आहे.

१० मिलिलिटरच्या कुपीवर, प्रत्येक मिलिलिटरात ३० मिलिग्रॅम, असा तपशील छापलेला आढळतो. म्हणजे सिरिंजमध्ये एक मिलिलिटर ओढणारा मुलगा भूलतज्ज्ञाच्या ५ मात्रा एकदम, कोणाच्याही देखरेखीवाचून, देहात घालतो. अँफेटामिनच्या कुळातले हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रेनलिन मोकळे करते. हृदय धावू लागते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, थकवा जाणवेनासा होतो, आणि या न जाणवण्यालाच मुले ताकद समजतात. १९६७ च्या जुलैत, टूर द फ्रान्सच्या शर्यतीत, माँ व्हाँतूच्या रणरणत्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला, पुन्हा सायकलवर बसला, आणि थोड्याच अंतरावर पडून गतप्राण झाला. शवपरीक्षेत अँफेटामिन व मद्य आढळले. थांबण्याचा देहाचा हुकूम त्याला ऐकूच आला नसावा.

सवय जडली की मात्रा वाढते, झोप उडते, कोणी तरी मागावर आहे असा संशय काहींच्या मनात घर करतो, हृदयाचा स्नायू दुर्बळ होऊ शकतो. सुई सामाईक असेल तर कावीळ ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्हीची जोखीम निराळीच.

पालकहो, मुलाच्या पिशवीत अशी कुपी सापडली तर कृपा करून मारझोड किंवा गल्लीभर बोभाटा करू नका. औषध सुटल्यावर काही दिवस अतिनिद्रा आणि गाढ उदासी येते, आणि त्याच दिवसांत मुलाला एकटे सोडणे धोक्याचे असते. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, अथवा १४४१६ या टेलि-मानसच्या विनाशुल्क क्रमांकावर बोला. छातीत दुखणे, अनावर धडधड किंवा असह्य डोकेदुखी उद्भवल्यास तत्काळ रुग्णालय गाठा, आणि तिथे काहीही लपवू नका, कारण नाडी व रक्तदाब उतरवण्यासाठी कोणते औषध चालेल आणि कोणते घातक ठरेल, हे ‘काय टोचून घेतले?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. रिकामी कुपी सापडली, तर तीही बरोबर घेऊन जा.