कंपवाताचा रोगी गप्प का होतो?

घरातले वडीलधारे माणूस हळूहळू गप्प होत जाते. काही विचारले तर तोंडातल्या तोंडात पुटपुटते. चेहऱ्यावर ना हसू, ना राग. घरची मंडळी म्हणतात, "बाबा रुसलेत," नाहीतर "आता त्यांना काही कळत नाही." मग पेरणीचे, बैल घेण्याचे त्यांना कोणी विचारीत नाही. हा पुष्कळदा स्वभावदोष नसतो. कंपवात असू शकतो.

या रोगाचे वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी मरतात आणि डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते. त्यामुळे हात थरथरतो व चाल आखडते. तसेच छाती, गळा, जीभ व ओठ यांची हालचालही मंदावते. आवाज बारीक व एकसुरी होतो. काहींचे शब्द घाईने एकमेकांत मिसळतात, तर काहींना शब्द वेळेवर सुचत नाहीत. विशेष हे की, आपण पुरेसे मोठ्याने बोलतो असेच रोग्याला वाटते.

घरी काय करावे?

१. रेडिओ, टीव्ही बंद करून रोग्यासमोर बसावे.

२. एका वेळी एकच प्रश्न विचारावा व उत्तराची वाट पाहावी. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये.

३. बोलण्यापूर्वी त्याने दीर्घ श्वास घ्यावा व लहान वाक्ये बोलावी.

४. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचन करावे. वाचातज्ज्ञ मिळाल्यास त्याच्याकडून व्यायाम शिकावेत.

५. जेवताना ठसका लागत असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

लेवोडोपाच्या गोळ्यांनी हालचाल सुधारते. आवाज मात्र तितका सुधारेलच असे नाही, म्हणून सराव सोडू नये. गोळ्या ठरल्या वेळी घ्याव्यात, मनाने बंद करू नयेत. खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपा असते हे खरे, पण त्याचे प्रमाण कमीजास्त असते. त्या डॉक्टरांना न विचारता खाऊ नयेत. पॅराक्वाटसारख्या तणनाशकांचा या रोगाशी संबंध संशोधनात दिसला आहे, तेव्हा फवारणी करताना हातमोजे व तोंडाला संरक्षण हवेच.

एक इशारा: बोलणे एकाएकी अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात लुळा पडला, तर तो कंपवात नव्हे, पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.

आमचे सांगणे एवढेच: आवाज गेला म्हणून बाबांचा शेतीतला अनुभव गेला नाही. येत्या पेरणीला त्यांना विचारा, आणि उत्तरासाठी थांबा.