दार उघडल्यावर

शास्त्रपाठ : उत्पत्ती ८:१-२२ व ९:२०-२१, गणना १२:९-१६, लूक १७:११-१९, रोम. १४:१-१३
मुखपाठ : १ करिंथ. ११:३३
पाठाचा उद्देश : संकट ओसरू लागल्यावर आपले वर्तन देवापुढे व शेजाऱ्यापुढे कसे असावे हे शास्त्रावरून समजून घेणे, आणि त्या काळात मागे राहिलेल्यांकडे मंडळीचे लक्ष वळविणे.



संकटात कसे वागावे यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. संकट सरू लागले म्हणजे कसे वागावे, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक मनुष्याची खरी परीक्षा पुष्कळदा तेव्हाच होते. दार बंद असते तेव्हा सगळ्यांना एकच नियम लागू असतो. दार किलकिले होताच ज्याच्या त्याच्या मनातले बाहेर येते.

आपल्या देशात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षी १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण घरातच पाळला. टाळेबंदी तीन वेळा वाढली आणि १ जूनपासून ती टप्प्याटप्प्याने उठू लागली. केंद्र सरकारच्या आदेशाने ८ जूनपासून प्रार्थनास्थळे उघडण्यास मुभा मिळाली. पण अधिक कडक निर्बंध ठेवण्याची मोकळीक राज्यांना होती. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी उघडली. आम्ही सिल्वासाची माणसे गुजरात आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये राहतो. दादराहून नगर हवेलीत येतानासुद्धा वाटेत गुजरातची हद्द लागते. त्यामुळे तिन्हीकडचे नियम आमच्या कानांवर पडत. वापीच्या बाजूला उपासना सुरू झाल्याचे कळे, आणि तलासरी-डहाणूकडचे नातेवाईक विचारीत, “आमचे चर्च कधी उघडणार?” एकाच प्रभूची लेकरे, पण कोणाचे दार जूनमध्ये उघडले, तर कोणाचे नोव्हेंबरात.

त्या दिवसांत माणसे कशी वागली ते आठवू या. ४ मे २०२० रोजी दारूची दुकाने उघडण्यास परवानगी मिळताच मुंबई, पुणे, दिल्ली येथे एवढी झुंबड उडाली की, मुंबईत दोनच दिवसांत ती दुकाने पुन्हा बंद करावी लागली. त्याच आठवड्यात, ८ मे रोजी पहाटे, पायी घरी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपेत असताना मालगाडीखाली सापडून मरण पावले. एकाला आपल्या चैनीचे दार उघडण्याची घाई होती, आणि दुसऱ्याला आपल्या घराचे दार दिसलेच नाही. हे दोन्ही एकाच देशात, एकाच आठवड्यात घडले. ख्रिस्ती मनुष्याने हे विसरता कामा नये.

१. नोहाने घाई केली नाही

आता शास्त्राकडे वळू. उत्पत्तीच्या आठव्या अध्यायातल्या तारखा पेन्सिल घेऊन लिहून काढाव्यात. नोहाच्या वयाच्या सहाशेव्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी जलप्रलय सुरू झाला. सातव्या महिन्यात तारू अरारात पर्वतावर टेकले. दहाव्या महिन्यात डोंगरांचे माथे दिसू लागले. नोहाने लगेच दार उघडले काय? नाही. तो चाळीस दिवस थांबला. मग त्याने खिडकी उघडून कावळा सोडला, नंतर कबुतर सोडले. ते परत आले. तो सात दिवस थांबला. पुन्हा सोडले, तेव्हा जैतुनाचे पान आले. आणखी सात दिवस थांबला. तिसऱ्या वेळी कबुतर परतले नाही.

पुढच्या वर्षीच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी त्याने तारवाचे आच्छादन काढून पाहिले, तर जमीन सुकलेली दिसली. तरीही तो आतच राहिला. दुसऱ्या महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी देवाने सांगितले तेव्हाच तो बाहेर पडला. म्हणजे डोळ्यांना कोरडी जमीन दिसत असताना तो जवळजवळ आठ आठवडे थांबला. ज्याने दार लावले (उत्पत्ती ७:१६) त्याच्याच शब्दाने दार उघडावे, एवढा धीर त्याच्यापाशी होता.

नोहा घाबरट नव्हता, हेही लक्षात घ्यावे. भ्याड मनुष्य खिडकीसुद्धा उघडत नाही. नोहाने खिडकी उघडली, पक्षी सोडले, पारख केली, खूण पाहिली आणि मग वाट पाहिली. विश्वास आणि खबरदारी यांचे येथे भांडण नाही.

काही बंधू त्या काळी म्हणत, “देवावर भरवसा असेल तर मुखपट्टी कशाला आणि अंतर कशाला?” पुष्कळ घरांच्या दारांवर तेव्हा एक्याण्णवावे स्तोत्र लावलेले होते. ते सांत्वनाचे स्तोत्र आहे, यात शंका नाही. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतानाने प्रभूला याच स्तोत्रातले वचन ऐकविले होते, आणि प्रभूने उडी घेण्यास नकार दिला. देवाचे अभिवचन हे त्याची परीक्षा पाहण्याचे साधन नव्हे.

घाईचे फळ जगाने अनेकदा चाखले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २१ नोव्हेंबरला समारंभपूर्वक मुखपट्ट्या उतरविल्या, आणि जानेवारी १९१९ मध्ये त्यांची सक्ती पुन्हा करावी लागली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये देशात रोज दहा-बारा हजारांच्या आसपास नवे रुग्ण आढळत होते. साथ संपली असे समजून लग्ने, सभा, मेळावे जोरात सुरू झाले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हाच आकडा रोजचा चार लाखांच्या वर गेला. केवळ गर्दीमुळेच असे झाले असे नाही. विषाणूनेही रूप पालटले होते. पण आपल्या बेफिकिरीने त्याची वाट सोपी केली, हे नाकारता येणार नाही.

२. बाहेर पडल्यावर पहिले काम

तारवातून उतरल्यावर नोहाने प्रथम परमेश्वरासाठी वेदी बांधली. घर नंतर, शेत नंतर. परंतु त्याच नोहाविषयी नवव्या अध्यायात आपण वाचतो की, त्याने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला आणि आपल्या डेऱ्यात उघडा पडला. द्राक्षमळ्याला फळ धरायला काही वर्षे जातात. म्हणजे हे पतन सुटकेच्या दिवशी झाले नाही, तर सर्व सुरळीत झाल्यानंतर झाले. वर्षभर तारवात सावध राहिलेला मनुष्य निवांतपणात बेसावध झाला.

आपलेही तसेच झाले नाही काय? टाळेबंदीत कित्येक घरांत कुटुंबप्रार्थना सुरू झाली. बाप मुलांना जवळ घेऊन शास्त्र वाचू लागला. कारखान्याची पाळी सुरू झाली, शाळा सुरू झाली, आणि प्रार्थनेची ती वेळ कोठे गेली कोणालाच कळले नाही. वेदी बांधून झाली, पण तिच्यावरचा अग्नी विझला.

३. मिर्यामेसाठी छावणी थांबली

गणनाच्या बाराव्या अध्यायातला प्रसंग पाठाचा गाभा आहे. मिर्यामेला कोड फुटले आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवावे लागले. पंधराव्या वचनात एक लहानशी गोष्ट नोंदलेली आहे : मिर्यामेला परत आत आणीपर्यंत लोकांनी कूच केले नाही. याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात लढाईला योग्य पुरुषांची संख्या सहा लाख तीन हजार पाचशे पन्नास दिली आहे. स्त्रिया व मुले वेगळी. एवढा मोठा समुदाय वचनदत्त देशाच्या वाटेवर असताना एका स्त्रीसाठी सात दिवस थांबला.

मिर्यामेच्या बाबतीत तिचा दोष होता. आपल्यातल्या आजाऱ्यांचा तसा काही दोष नव्हता, आणि रोग झाला म्हणजे पाप केले असे प्रभूने आपल्याला शिकविलेले नाही (योहान ९:१-३). दोषी असलेल्या बहिणीसाठी छावणी थांबते, तर निर्दोष दुबळ्यांसाठी मंडळीने किती थांबावे!

निर्बंध शिथिल झाले तेव्हा सर्वांची दारे एकदम उघडली नाहीत. मधुमेहाचे रुग्ण, दम्याचे रुग्ण, म्हातारी माणसे, डायलिसिसवर असलेला एखादा भाऊ यांची दारे आणखी वर्ष-दीड वर्ष बंदच राहिली. मसाट, खडोली, रखोलीच्या कारखान्यांतले कितीतरी मजूर उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशात गेले, ते काही परतलेच नाहीत. मंडळीने मात्र पहिल्या उपासनेला जमलेल्यांना मोजले आणि “सर्व पूर्ववत झाले” असे म्हटले.

त्याहून एक दुःखाची गोष्ट आहे. त्या काळच्या नियमाप्रमाणे अंत्यविधीला वीस आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. आपल्यातली काही कुटुंबे अशी आहेत की, त्यांचे माणूस गेले तेव्हा धड गीतही गायले गेले नाही, खांदा द्यायला शेजारी आला नाही. ते कोणाच्या हाती नव्हते. पण निर्बंध उठल्यावर राहिलेली लग्ने धुमधडाक्यात झाली, स्वागतसमारंभ झाले, आणि राहून गेलेले सांत्वन मात्र राहूनच गेले. एका विधवा भगिनीने मला विचारले, “लग्नाची पत्रिका द्यायला सगळे आले, मग तेव्हा राहिलेले भेटायला कोणी का आले नाही?” या प्रश्नाला उपदेशपीठावरून उत्तर देता येत नाही. त्याचे उत्तर चपला घालूनच द्यावे लागते.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनाविषयी लिहिताना एकमेकांसाठी थांबावे असे सांगितले. तेथे काही जण अगोदर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. आजचा मुखपाठ तोच आहे, आणि तो केवळ प्रभुभोजनाच्या मेजापुरता नाही.

४. दहातला एक

लूक सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी हीसुद्धा दार उघडल्याचीच गोष्ट आहे. याजकाने शुद्ध ठरविले म्हणजे गावात, घरात जाण्याची मोकळीक मिळे. नऊ जण गेले. त्यांनी काही वाईट केले असे नाही. बायकामुलांना भेटण्याची ओढ कोणाला नसते? परंतु एकालाच, आणि तोही शोमरोनी, मागे फिरून उपकार मानावेसे वाटले.

साथीच्या काळात परिचारिकांसाठी आपण टाळ्या वाजविल्या. नंतर किती जणांनी मागे फिरून आभार मानले? आशाताई, सफाई कामगार, स्मशानात व दफनभूमीत काम करणारे, खोलीचे भाडे मागायला न आलेला चाळमालक, उधारी न थांबविलेला वाणी, हे सर्व आपल्या गावात आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळ जण आपल्या मंडळीचे नाहीत. शोमरोनी मागे फिरला, मग आपण का फिरू नये?

५. बलवान आणि दुर्बळ

दार उघडल्यावर मंडळीत दोन पक्ष पडले. एक मुखपट्टी न काढणाऱ्याला अल्पविश्वासी म्हणू लागला, आणि दुसरा हस्तांदोलन करणाऱ्याला बेजबाबदार म्हणू लागला. प्रभुभोजनाचा एक प्याला की वेगवेगळे लहान प्याले, यावरूनही बोलाचाली झाल्या. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलापुढे असाच तंटा होता : खाणारा न खाणाऱ्याला तुच्छ मानीत होता आणि न खाणारा खाणाऱ्याला दोष देत होता. पौल दोघांनाही एकाच धन्याचे चाकर म्हणतो आणि भावाच्या वाटेत ठेच लागेल असे काही ठेवू नका, असे बजावतो. स्वातंत्र्य आहे, पण ते प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे (गलती. ५:१३).

आणि जे भीतीमुळे आजही येत नाहीत, त्यांच्यासाठी योहानाचा विसावा अध्याय वाचावा. शिष्य भीतीने दारे लावून बसले होते. पुनरुत्थित प्रभू आत आला आणि त्याने त्यांना शांती दिली. आठ दिवसांनी पाहावे तर दारे पुन्हा बंदच! तरीही प्रभू आला, आणि शांतीच दिली. बंद दारावरून त्याने कोणालाही टोमणा मारला नाही. आपणही टोमणे घेऊन कोणाच्या दारी जाऊ नये.

आता आपण काय करावे?

महाराष्ट्रातले निर्बंध २ एप्रिल २०२२ ला उठले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आज हा पाठ कशाला, असे कोणी म्हणेल. तो यासाठी की, मिर्याम अजून छावणीबाहेर आहे. प्रत्येक मंडळीने दोन याद्या कराव्यात. मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळात मरण पावलेल्यांची नावे नोंदवहीतून काढावीत, आणि एका रविवारी ती उपासनेत वाचून त्या कुटुंबांसह गीत गावे, प्रार्थना करावी. दुसरी यादी त्या काळापूर्वी नियमित येणाऱ्या पण नंतर न आलेल्यांची. पाळकसाहेबांवर सगळे न टाकता वडील, महिला मंडळ व तरुण संघ यांनी घरे वाटून घेऊन भेटी द्याव्यात. कित्येक वर्षे उशीर झाला आहे, हे खरे. पण उशिरा आलेल्या सांत्वनकर्त्यालाही दार उघडले जाते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

लहान वर्ग : पुठ्ठ्याचे तारू करून त्याला उघडझाप होणारी खिडकी ठेवावी. मुलांकडून कावळा व कबुतर आत-बाहेर करवून नोहा किती वेळा थांबला ते मोजून घ्यावे.

मोठा वर्ग : मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारावे, “टाळेबंदी उठल्यावर तुम्ही पहिल्यांदा कोठे गेलात? तुम्हाला भेटायला प्रथम कोण आले?” उत्तरे वहीत लिहून आणावीत.

चर्चेसाठी प्रश्न

१. जमीन कोरडी दिसत असूनही नोहा का थांबला? आपण कोणत्या गोष्टीत थांबू शकत नाही?
२. छावणी सात दिवस थांबली नसती तर मिर्यामेला काय वाटले असते?
३. नऊ जणांचे कोठे चुकले?
४. आपल्या गल्लीत असे कोणते घर आहे, जेथे सांत्वनासाठी जाण्याचे राहून गेले आहे? या आठवड्यात तेथे कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभो, तू बंद दारांतून आत आलास आणि उघड्या दारांतून आम्हांला बाहेर नेलेस. जे मागे राहिले त्यांच्यासाठी थांबण्यास आणि मागे फिरण्यास आम्हांला शिकव. ज्यांचे अश्रू कोणी पुसले नाहीत, त्यांच्याकडे आम्हांला पाठीव. आमेन.