महाबळेश्वरचे चिनी कैदी

वाईहून पसरणीच्या घाटाने वर चढून, पांचगणी मागे टाकून महाबळेश्वरी गेलेल्या वाचकांनी तेथील 'चायनामन' नांवाचा धबधबा पाहिला असेल. आपल्या सातारा जिल्ह्याच्या डोंगरांत चिनी मनुष्याचे नांव कोठून आले?

1829 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांजकडून ही जागा मोबदला देऊन घेतली व तेथे माल्कम पेठ वसविली. पुढे थोड्याच वर्षांत तेथे एक तुरुंग झाला. त्यांत सुमारे 120 चिनी व मलायी कैदी ठेवीत. सिंगापूर, पिनांग या बाजूस ज्यांस हद्दपारीची शिक्षा होई, त्यांपैकी कित्येकांस जहाजांतून मुंबई इलाख्यांत पाठवीत. आणि इकडच्या कैद्यांस तिकडे नेत. ज्या मुलखास आपले लोक 'काळे पाणी' म्हणून भीत, तेथल्या मनुष्यास आपला सह्याद्रि हेच काळे पाणी होते! उष्ण समुद्रकांठचे ते लोक. त्यांस दोनशे इंचांवर पाऊस पडणाऱ्या धुक्याच्या माथ्यावर आणून सोडिले.

त्याच काळी इंग्लंडचे सरकार आपल्या कैद्यांस ऑस्ट्रेलियास पाठवीत असे. 1788 पासून 1868 पर्यंत सुमारे 1,62,000 जण तिकडे गेले. त्यांचे वंशज आज न्यायालयाचे दप्तर, जहाजाची यादी व सुटकेचा परवाना ताडून पाहतात, आणि आपला पणजोबा कोण होता व कोणत्या अपराधासाठी गेला हे सांगतात. पूर्वी ही गोष्ट लपवीत. आता पुष्कळ जण ती उघड सांगतात.

आमच्या चिनी कैद्यांचा माग मात्र कागदापेक्षां जमिनीवरच अधिक लागतो. त्यांनी ओढ्यांच्या कांठी मळे केले, बटाटे व विलायती भाजीपाला पिकविला. धबधब्यास नांव पडले ते त्या मळ्यांवरून. 1864 साली तुरुंग मोडला, तेव्हां ज्यांची मुदत उरली होती त्यांस परवाने देऊन बाहेर राहू दिले. मग फारशी देखरेख नसतांही ते आपल्या श्रमावर निमूटपणे पोट भरीत राहिले. पहारेकरी नसतां जो प्रामाणिकपणे राहिला, त्यास कैदी म्हणावे की शेतकरी?

इकडून गेलेल्यांचेही तसेच. सिंगापुरांतील संत आंद्रिया यांचे मोठे मंदिर, ज्याची प्रतिष्ठा 1862 साली झाली, ते हिंदुस्थानच्या कैद्यांनी बांधिले. त्याच्या भिंतींचा गिलावा चुना, अंड्यांचा पांढरा बलक व साखर कालवून घोटलेला आहे. 1873 साली तेथील हिंदी कैद्यांचा तळ उठला. कित्येक अंदमानास गेले, कित्येक मोकळे झाले. आणि मोकळे झालेल्यांतील पुष्कळ जण घरी न परततां, ज्या शहराचे रस्ते त्यांनीच केले होते तेथेच कामधंदा करून राहिले.