जुन्या वाड्यात कलाघर

प्रश्न : गावातल्या जुन्या वाड्यात तालमी, चित्रकला, सुतारकाम यांसाठी सर्वांना खुली जागा करायची आहे. आम्ही आठ जण आहोत. संस्था कशी नोंदवावी?

उत्तर : किमान सात सभासद लागतात, तेवढे तुम्ही आहात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्ही नोंदण्या धर्मादाय कार्यालयात होतात. मला खरी काळजी वाड्याची वाटते. मालक कितीही जवळचे असोत, तोंडी शब्दावर छपराला पैसे घालू नका. आधी दीर्घ मुदतीचा भाडेकरार रीतसर नोंदवून घ्या. वारस पुढे काय म्हणतील, कोणी सांगावं? देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून प्राप्तिकर खात्याकडे नोंदणी घ्या, पण वीजबिल तालमींच्या तासावारी भाड्यातूनच निघू द्या. कार्यकारिणी बदलली, की ९० दिवसांत बदल अर्ज द्या.