लातूरच्या भाच्यास, एअर फिल्टरविषयी

नांदेड

चि. मुकुंद यास,

तुझे पत्र पोहोचले. गाडीतला कंपनीचा कागदी एअर फिल्टर काढून त्याच्या जागी तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरण्याजोगा फिल्टर बसवावा, म्हणजे टर्बोची ओढ वाढेल, असे तुझ्या मनाने घेतले आहे; पण पैसे मोजण्यापूर्वी तू विचारलेस याचा मला संतोष वाटतो.

निर्णय करण्यापूर्वी आपण कोणत्या मुलखात गाडी चालवतो याचा विचार कर. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा तुझा नित्याचा रस्ता. राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला हे खरे, परंतु त्यास येऊन मिळणाऱ्या गावरस्त्यांवर वैशाखात भेगाळलेल्या काळ्या रानाची माती, टिप्परमधून गळणारी वाळू आणि खडीचा भुगा अखंड उडत असतो, आणि आश्विन-कार्तिकात सोयाबीनच्या मळणीयंत्रांचे भुसकट त्यात येऊन मिळते. यांपैकी वाळूचा कण सर्वांत घातक, कारण त्यातील गारगोटी बिडाच्या लोखंडाहून कठीण असते, आणि सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा यांमधील तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असल्यामुळे तेवढ्याच आकाराचा कण तेथे शिरला की कानशीसारखा धातू घासत राहतो. एक लिटर डिझेल जाळण्यास दहा हजार लिटरांहून अधिक हवा लागते. म्हणजे ४५ लिटरांची टाकी रिकामी होईतो तुझ्या इंजिनाने साडेचार लाख लिटर मराठवाड्याची हवा ओढलेली असते.

त्यातही टर्बोचे इंजिन अधिक नाजूक. हवा दाबणारे त्याचे चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणारे, आणि फिल्टरमधून निसटलेली धूळ इंजिनात पोचण्याआधी त्याच्याच पात्यांच्या कडा झिजवते. असे असता अधिक हवा सोडणारा फिल्टर उत्तम, हा युक्तिवाद मला मान्य नाही. टर्बोचा दाब किती असावा हे गाडीचा संगणक ठरवतो. स्वच्छ कागदी फिल्टरचा अडथळा मुळातच अल्प असल्याने तो आणखी घटवून चालवताना जाणवेल एवढी शक्ती हाती लागत नाही. आवाज मात्र वाढतो, आणि कान त्यालाच ओढ समजतात. बॉनेटखाली उघडा बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर तर इंजिनाची तापलेली हवाच ओढतो. लातूरच्या मे महिन्यात त्याची शिफारस मी कोणासही करणार नाही.

सुती जाळीची कीर्ती शर्यतींच्या गाड्यांतून आली, आणि तेथे इंजिने वारंवार उघडली जातात. तुला मात्र हे इंजिन दीर्घकाळ न उघडता चालवायचे आहे. जाळी धुतल्यावर तेल कमी पडले तर धूळ आत जाते, अधिक झाले तर ते उडून हवेचे माप घेणाऱ्या सेन्सरवर बसते आणि त्याचे माप चुकू लागते. विक्रेत्याने तरीही आग्रह धरला, तर आयएसओ ५०११ या पद्धतीने केलेल्या चाचणीचा दाखला माग आणि त्यात धूळ अडवण्याचे प्रमाण पाहा. समज, एक फिल्टर शंभरातील साडेनव्याण्णव भाग धूळ अडवतो आणि दुसरा अठ्ठ्याण्णव. कागदावर हा फरक दीड टक्क्याचा दिसतो, परंतु दुसऱ्यातून इंजिनात जाणारी धूळ चौपट असते.

बाहेरचा फिल्टर घेण्यास माझी हरकत नाही. गाडी-कारखान्यांना माल पुरवणाऱ्या नामांकित फिल्टर-उत्पादकाचा कागदी फिल्टर खुशाल घे. मात्र पार्ट नंबर गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा, रबरी कडा अखंड व लवचीक आहे याची खातरजमा कर, आणि पक्की पावती घे, कारण बाजारात नकली माल विपुल आहे. उत्तम कागदाचा फिल्टरही कडेने सैल बसला तर हवा त्याला वळसा घालून धुळीसह आत जाते, म्हणून बसवणे स्वतः उभा राहून पाहा.

गॅरेजमध्ये फिल्टर काढून त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारतात, ती मुळीच मारू देऊ नकोस. त्या दाबाने कागद फाटतो आणि छिद्र डोळ्यांस दिसत नाही. थोडी धूळ साचलेला कागद उलट बारीक कण अधिक चांगले अडवतो, तेव्हा तो उगाच वरचेवर उघडू नये; पुस्तिकेत धुळीच्या प्रदेशासाठी बदलण्याची जी कमी मुदत दिलेली असते, ती मात्र चुकवू नये.

येत्या रविवारी इंजिन बंद ठेवून फिल्टरच्या पुढची, टर्बोकडे जाणारी नळी सोड आणि आतून पांढरे फडके फिरव. तेलाचा किंचित ओशटपणा लागला तर चिंता नको. परंतु धूळ लागली, तर त्याच दिवशी फिल्टर बदल आणि मला फोन कर.

तुझा,
मामा