दया नव्हे, हक्काचे साधन

चष्मा लावणाऱ्यास आपण अपंग म्हणत नाही. कुबडी, पांढरी काठी, श्रवणयंत्र वा कृत्रिम पाय यांकडेही समाजाने त्याच सहजतेने पाहावे, असे आम्हांस वाटते.

साधन माणसाच्या जगण्याशी जुळले, तरच ते उपयोगी पडते. पाश्चात्त्य धर्तीच्या कृत्रिम पायास बूट लागे. तो लावून उकिडवे बसणे वा मांडी घालणे अवघड जाई. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा लवचिक ‘जयपूर फूट’ घडविला. त्याच्या साहाय्याने अनवाणी, चिखलातूनही चालता येते. घाटनांदूर परिसरातील शेतकरी व ऊसतोड कामगारांस या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य करतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्यास वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके व योग्य सहाय्यक साधने विनामूल्य मिळावीत, अशी त्यात तरतूद आहे. म्हणून पालकांनी संकोच न बाळगता प्रमाणपत्र काढून घ्यावे. मूल वाढते, तसे साधनाचे माप पुन्हा घ्यावे. मोडल्यास ते कोपऱ्यात न टाकता दुरुस्त करून घ्यावे. ज्या पालकांस अर्ज लिहिता येत नाही, त्यांच्यासोबत आमच्या माजी विद्यार्थ्यांनी कार्यालयाची पायरी चढावी. घेतलेल्या शिक्षणाचे सार्थक याहून वेगळे ते काय!