लग्नाची कॅसेट पेन ड्राइव्हवर: किती रुपये मोजावेत?

माळ्यावरची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला मुंबई-ठाणे पट्ट्यात साधारण २०० ते ५०० रुपये धरून चाला. शहाडकरांना कल्याण एका स्टेशनावर आणि उल्हासनगरचा कॅम्प नंबर एक रिक्षाच्या अंतरावर, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारायला फार पायपीट पडत नाही. मात्र विचारताना नुसतं 'कॅसेटमागे किती' एवढ्यावर थांबू नका. काही जण कॅसेटवर पैसे लावतात, काही तासावर. ई-१८० कॅसेट तीन तासांची असते, आणि शूटिंगवाल्यानं एलपीवर, म्हणजे निम्म्या वेगानं, भरली असेल तर सहा तासांचीही निघते. तासाला दीडशे हा भाव ऐकायला स्वस्त वाटतो, पण बिल नऊशेचं येतं.

कॅसेट पेन ड्राइव्हसारखी कॉपी होत नाही. ती व्हीसीआरमध्ये लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवावी लागते, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. 'बसा, तासाभरात देतो' म्हणणाऱ्याकडे बसू नये.

दुकानदाराला विचारायचा दुसरा प्रश्न, 'मशीन तुमचं स्वतःचं आहे का?' फोटो स्टुडिओ कॅसेट आनंदानं ठेवून घेतात आणि पुष्कळदा ती पुढे मुंबईला पाठवतात. मधला माणूस शंभर-दोनशे चढवतो, त्याला हरकत नाही. पण तुमची एकुलती एक कॅसेट कुठे फिरतेय हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. व्हीसीआर बनवणाऱ्यांतली शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई, तिनंही जुलै २०१६मध्ये काम थांबवलं. आज चालतात ती सगळी मशीनं जुनी, बहुतेकांची हेड झिजलेली. ज्याच्याकडे चांगलं मशीन आणि ते साफ ठेवायची अक्कल आहे, त्याला शंभर रुपये जास्त द्यायला मी तरी कुरकुर करणार नाही.

सगळ्यात जास्त पैसे मात्र घरीच वाचतात. खोक्यातल्या दहा कॅसेटांत दोन भाड्यानं आणून परत न केलेले सिनेमे असतात आणि एक तरी टीव्हीवरची क्रिकेट मॅच. त्या बाजूला काढा. एकाच लग्नाच्या दोन प्रती असतील तर कमी वाजवलेली प्रत द्या. आणि मिक्सिंग न केलेली मूळ कॅसेट सापडली, तर पहिला मान तिचा. त्या काळी स्टुडिओवाले मंगलाष्टकं, आत्याची कुजबुज, भटजींचा दरडावणीचा सूर सगळं पुसून वर सिनेमाची गाणी चढवत. आजोबांचा आवाज उरला असेल तर त्या मूळ कॅसेटमध्येच. शिवाय गाणी चढवलेलं लग्न यूट्यूबवर टाकलं की कॉपीराइटचा दावा येतो, कधी आवाजच बंद होतो.

कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. कोकणपट्टीच्या हवेत हे व्हायचंच. अशी कॅसेट घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये 'जरा बघू' म्हणून लावू नका. टेप अडकून तुटते आणि बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटलाही लागते. साफ करायचे दोन-तीनशे वेगळे पडतात, तुटलेली टेप जोडून नव्या खोक्यात भरायचेही जवळपास तेवढेच. २६ जुलै २००५च्या उल्हास नदीच्या पुरात भिजलेल्या कॅसेटा काही घरांत अजून जपून ठेवलेल्या असतील. आत चिखल गेलेल्या टेपचा भाव हजाराच्या पुढेही जाऊ शकतो, आणि चित्र येईलच असं नाही. 'चित्र आलं तरच पैसे' हे आधी ठरवून घ्या.

छोट्या कॅसेटांचं गणित निराळं. व्हीएचएस-सी अडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरवर चालते. हँडीकॅमच्या एट एमएम किंवा हाय-एट कॅसेटला मात्र तसा अडॅप्टर नाही, तोच कॅमेरा लागतो. मिनी डीव्ही मुळात डिजिटल. ती फायरवायरनं उतरवली तर काहीच हरवत नाही, पण तासाला १३ जीबी जागा खाते. अमेरिकेतल्या भावानं तिकडे भरून पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते, आपली पाल. दुकानदाराला आधीच सांगा, नाहीतर काळंपांढरं, थरथरतं चित्र हातात पडेल.

डीव्हीडी घ्यावी का? माझ्या मते नाही. एका डीव्हीडीचे शंभरेक रुपये लावतात, तिच्यात ४.७ जीबी म्हणजे बरं चित्र ठेवायचं तर दोनच तास मावतात, आणि नव्या लॅपटॉपला ती घालायला फटच नसते. आईकडे डीव्हीडी प्लेअर चालू असेल तर तिच्यापुरती एक करून घ्या. बाकी सगळं एमपी४ फाइलमध्ये मागा. तासाला दोन-तीन जीबीची फाइल व्हीएचएसला पुरते. तीन तासांचं लग्न सातशे एमबीत कोंबून दिलं तर ते परत करा.

हिशेब असा: सहा कॅसेटा, प्रत्येकी ३०० प्रमाणे १,८००. पक्कं बिल घेतलंत तर १८ टक्के जीएसटीचे ३२४. वर पेन ड्राइव्ह, तो घरून न्या. घरीच करायचं तर जुना व्हीसीआर पाच-सहा हजार, यूएसबी कॅप्चर कार्ड हजाराच्या आसपास, सॉफ्टवेअर फुकटात मिळतं. वीस-पंचवीस कॅसेटांखाली हा खटाटोप परवडत नाही, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला व्हीसीआर महिनाभर टिकेल याची हमी कोणी देत नाही.

आधी एकच कॅसेट द्या, निम्मे पैसे आगाऊ. पावतीवर कॅसेटांची संख्या आणि त्यांवरची नावं लिहून घ्या. फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा, आवाज ओठांशी जुळतो का ते शेवटच्या दहा मिनिटांत तपासा, कारण तिथेच तो मागे पडलेला कळतो. मूळ कॅसेट परत घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि तिथं पहिली विचारणा पावतीचीच होईल.